मॉनिटर बंद पडलाय? कपॅसिटर बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं दुरुस्तीचं टेबल आहे. मॉनिटर घेऊन येणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "दादा, मेला बघा ह्यो." मग पाठ उघडली की आत दोन-चार कपॅसिटर डोकं फुगवून बसलेले दिसतात. पडदा चांगला, सर्किट चांगलं, आणि दहा-वीस रुपयांच्या भागापायी सगळा मॉनिटर भंगारवाल्याकडं निघालेला. हे थांबावं, म्हणून लोक रोज विचारतात ते प्रश्न इथं एकत्र केलेत.

मॉनिटर "मेला" म्हणजे आत नेमकं काय होतं?

मॉनिटरच्या आत बहुधा दोन बोर्ड असतात. एकावर संगणकाची केबल येते, दुसरा पॉवरचा. पॉवर बोर्ड २३० व्होल्टचा पुरवठा घेऊन एकीकडं ५ व्होल्ट आणि दुसरीकडं १२ ते १९ व्होल्ट तयार करतो. तयार झालेली ही वीज सरळ धारेनं येत नाही, सेकंदाला हजारो ठोके देत येते. ते ठोके पोटात घेऊन पुढं शांत धार सोडायची, हे कपॅसिटरचं काम.

हे आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे. नळाला पाणी सकाळी तासभर येतं, पण टाकीमुळं तोटी दिवसभर चालते. टाकीच्या तळाशी गाळ बसून नळीचं तोंड बारीक झालं, तर टाकी भरलेली असूनही तोटीला धार येत नाही. कपॅसिटरचंही असंच होतं. आतला द्रव सुकतो, अंतर्गत रोध वाढतो. साठा मोजला तर बराचसा शाबूत वाटतो, पण भार पडला की व्होल्टेज कोसळतं आणि मॉनिटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. या रोधाला ईएसआर म्हणतात. पुढं हा शब्द पुन्हा येईल. जुने रेडिओ मेकॅनिक कपॅसिटरला कंडेन्सर म्हणतात, दुकानात तोच शब्द ऐकू आला तर गोंधळू नका.

कपॅसिटरच गेलाय, हे बाहेरून कसं ओळखायचं?

मॉनिटर एकदम जात नाही, आधी महिनाभर सांगत असतो. बटण दाबल्यावर पहिल्यांदा दोन सेकंदांत लागायचा, तो आता पाच मिनिटं लावतो. दिवा लुकलुकत राहतो. चित्र येतं आणि लगेच जातं. आतून बारीक टिक टिक ऐकू येते. डिसेंबरच्या थंडीत सकाळी लागतच नाही आणि दुपारी लागतो. ही शेवटची खूण फार बोलकी आहे, कारण थंडीत कपॅसिटरचा ईएसआर आणखी वाढतो. अशा मॉनिटरचा उघडा पॉवर बोर्ड, वीज काढलेली असताना, हेअर ड्रायरनं दोन मिनिटं कोमट केला आणि मग तो लागला, तर दोष कपॅसिटरमध्येच आहे असं मी धरून चालतो.

आणखी एक प्रकार आपल्याकडं खूप येतो. मॉनिटर वर्षानुवर्षं स्टँडबायवर, बटण कधी बंद केलेलं नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद होतो किंवा लाईट चार तास जाते, आणि त्यानंतर मॉनिटर लागतच नाही. लोक म्हणतात, लाईट आली तेव्हा झटका बसला. कधी खरंच बसलेला असतो. पण पुष्कळदा पॉवरच्या आयसीशेजारचा (आयसी म्हणजे पुरवठा चालवणारी चिप) २२ किंवा ४७ मायक्रोफॅरॅड (हे साठ्याचं माप) ५० व्होल्टचा छोटा कपॅसिटर सुकलेला असतो. चालू असलेला पुरवठा तो कसाबसा चालू ठेवतो, बंद पडलेला पुन्हा सुरू करणं त्याला जमत नाही. हा कपॅसिटर सहसा फुगत नाही, म्हणून नजरेतून सुटतो.

चित्र येतं आणि दोन सेकंदांत काळं होतं. पडदा गेला का?

टॉर्च घ्या. खोलीत अंधार करा आणि काळ्या पडद्यावर तिरका झोत मारा. पुसट का होईना, खिडक्या आणि आयकॉन दिसले, तर पॅनेल चालू आहे, मागचा उजेड बंद आहे. जुन्या मॉनिटरमध्ये हा उजेड सीसीएफएल नावाच्या पेन्सिलीहून बारीक ट्यूब देतात. त्यांना सातशे-आठशे व्होल्ट आणि पेटताना त्याहूनही जास्त लागतात, ते मॉनिटरच्या आतलं इन्व्हर्टर नावाचं सर्किट तयार करतं (घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे). इन्व्हर्टरला १२ व्होल्टच्या जागी डळमळीत काही मिळालं, की तो ट्यूब पेटवून लगेच हात काढून घेतो. ट्यूब जळाली किंवा इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर गेला तरी लक्षण हेच दिसतं. पण मी आधी कपॅसिटर तपासतो, कारण ते स्वस्त आहेत आणि तिथंच दोष सापडण्याची शक्यता जास्त.

उघडण्याआधी काय जपायचं?

इथं घाई करू नका. बाकी सगळं चुकलं तर मॉनिटर जाईल, इथं चुकलं तर माणूस जाईल.

पॉवर बोर्डवर एक जाडजूड कपॅसिटर असतो, १०० ते १५० मायक्रोफॅरॅड, ४०० किंवा ४५० व्होल्टचा. २३० व्होल्टची एसी डीसी झाली की त्यावर साधारण ३२५ व्होल्ट चढतात. वायर काढल्यावरही हा साठा राहू शकतो, आणि बोर्ड बिघडलेला असेल तर जास्त वेळ राहतो, कारण तो वापरणारं कुणी चालू नसतं. वायर काढा, दहा मिनिटं थांबा, आणि तरीही मीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून त्याच्या दोन पायांवर मोजा. व्होल्टेज दिसलं तर १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यात धरून दोन्ही पायांना पाच-दहा सेकंद लावा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. त्यानं बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक उडतो, कपॅसिटर दुखावतो आणि ठिणगी डोळ्याकडं येते. कृपा करून तसं करू नका.

चालू बोर्ड तपासायची वेळ आली, तर एक हात खिशात ठेवा. मोठ्या कपॅसिटरच्या बाजूचा हीटसिंकही (भागांची उष्णता काढणारा धातूचा तुकडा) मेनशी जोडलेला असू शकतो. मोजमाप फक्त दुसऱ्या बाजूला, म्हणजे जिथून वायरी मुख्य बोर्डकडं जातात तिथं करायचं. आणि घरात लहान मुलं असतील तर हे काम ती झोपल्यावर करा.

पाठ उघडताना प्लास्टिक तुटतं. काय करावं?

आधी स्टँड आणि सगळे स्क्रू काढा. एखादा लेबलखाली लपलेला असतो. मग मॉनिटर चादरीवर पालथा ठेवा आणि जुनं एटीएम कार्ड फटीत घालून एकेक खाच सोडवत जा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला की कड चेपतेच. कोपऱ्यापासून सुरुवात करू नका, खालच्या कडेच्या मधल्या भागापासून करा. बटणांची पट्टी एका पातळ केबलला लटकलेली असते, झाकण एकदम ओढलं तर ती तुटते. ट्यूबच्या गुलाबी-पांढऱ्या वायरी प्लगला धरून काढा, वायरीला धरून नव्हे. आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाईलनं फोटो काढा.

फक्त फुगलेलेच बदलायचे की सगळे?

आधी नीट बघा. बोर्ड डोळ्यांच्या रेषेत आडवा धरायचा आणि प्रत्येक कपॅसिटरच्या डोक्यावरून बोटाचं टोक हलकंच फिरवायचं. चांगल्याचं डोकं नाण्यासारखं सपाट लागतं. बिघडलेल्याचं किंचित घुमटासारखं, आणि वरच्या क्रॉसच्या रेघा उघडायच्या बेतात. कधी रेघेतून तपकिरी चिकट बाहेर आलेलं असतं, कधी बुडाचं रबर ढकललं जाऊन कपॅसिटर तिरका उभा असतो. पायथ्याशी लावलेला पिवळा गोंदही पाहून घ्या. वर्षांनी तो तपकिरी होतो आणि काही गोंद त्या अवस्थेत वीज वाहू देतात, पाय गंजवतात. तसा असेल तर खरवडून काढा.

पण माझ्याकडं परत आलेल्या मॉनिटरांचं सर्वात मोठं कारण हेच, की कुणीतरी फुगलेले दोन बदलले आणि सपाट डोक्याचे चार तसेच ठेवले. ते चौघंही त्याच उष्णतेत तेवढीच वर्षं उभे होते. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा मॉनिटर आला होता. दहा दिवसांची बिलं काढायची वेळ, आणि गावातल्याच कुणीतरी एक कपॅसिटर बदलून दिलेला. पंधरा दिवस चालला. मी उघडला तेव्हा नव्या कपॅसिटरशेजारचा ४७० मायक्रोफॅरॅडचा, डोकं आरशासारखं सपाट, ईएसआर मीटरवर चार ओहम दाखवत होता. चांगल्याचा आकडा ०.१ ओहमच्या खाली असतो.

म्हणून पॉवर बोर्डच्या दुसऱ्या बाजूचे सगळे इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे द्रव भरलेले हे डबीसारखे कपॅसिटर, आणि आयसीशेजारचा तो छोटा, हे मी एकाच वेळी बदलतो. ४०० व्होल्टचा मोठा मोजून चांगला निघाला तर ठेवतो.

माझ्या मल्टिमीटरवर कपॅसिटर मोजता येतो. तेवढं पुरेसं आहे का?

नाही. साधा मीटर साठा मोजतो. १००० चा ९०० दाखवला तर माणसाला वाटतं ठीक आहे, पण रोध किती वाढलाय हे त्याला कळत नाही. महिन्याला चार मॉनिटर हाताळत असाल तर ईएसआर मीटर घ्या. एकच दुरुस्त करायचा असेल तर मीटरच्या पैशांत सगळे कपॅसिटर बदलून होतील.

दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं?

जुना कपॅसिटर सोबत न्या. त्यावरच्या तीन गोष्टी वाचा: मायक्रोफॅरॅड, व्होल्ट, तापमान. ४७०, ६८०, १००० हे आकडे आणि १६, २५ व्होल्ट नेहमी भेटतात. मायक्रोफॅरॅड तेवढेच घ्या, थोडे वर चालतील. व्होल्ट तेवढे किंवा जास्त, कमी कधीच नाही. तापमान १०५ अंश, आणि शब्द वापरा "लो ईएसआर". साधा ८५ अंशांचा दुकानदारानं पुढं केला तर परत ठेवा.

जाडी आणि उंचीही मोजून न्या. ३५ व्होल्टचा घेतला आणि तो एवढा उंच निघाला की मागचं झाकणच बसेना, हे नेहमीचं. मिलिमीटर पट्टी खिशात असू द्या.

नकलीपासून सावध राहा. एका दुकानातून मी दहा नग आणले होते, वर १००० छापलेलं. टेबलावर मोजले तर एकही साडेचारशेच्या पुढं गेला नाही. तेव्हापासून नवा कपॅसिटरही मोजल्याशिवाय मी बसवत नाही. जुन्या बोर्डवरून काढलेले "चांगले" कपॅसिटर तर घेऊच नका.

१०५ अंश लिहिलंय, मॉनिटर तर एवढा तापत नाही. मग हा आग्रह का?

कारण तो आकडा आयुष्याचा आहे. चांगल्या कपॅसिटरच्या माहितीपत्रात लिहिलेलं असतं, समजा, १०५ अंशांला २००० तास. चोवीस तास चालवला तर ते तीन महिनेही होत नाहीत. पण ठोकताळा असा, की तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ८५ ला ८००० तास, ६५ ला ३२००० तास. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर ८५ अंशांत तीन-सव्वातीन वर्षं आणि ६५ अंशांत तेरा वर्षं. हीटसिंकला चिकटून उभा असलेला आधी का जातो आणि त्याच बोर्डवरचा कोपऱ्यातला का टिकतो, याचं उत्तर या हिशोबात आहे. मॉनिटरच्या वरच्या जाळीवर वही, टॉवेल, देवाचं कॅलेंडर ठेवू नका, हेही त्यातूनच येतं.

२००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या मालाचं दुखणं वेगळं होतं. त्या काळात काही उत्पादकांच्या कपॅसिटरमधला द्रवच सदोष होता. आत वायू तयार होऊन ते मुदतीच्या फार आधी फुगायचे, आणि जगभर मदरबोर्ड आणि मॉनिटर त्यानं गेले.

सोल्डरिंग नवीन आहे. जमेल का?

जमेल, पण या बोर्डवर पहिला हात मारू नका. भंगारातला एखादा बोर्ड आणा, त्यावर दहा कपॅसिटर काढा आणि बसवा.

२५ वॉटचा आयर्न जाड ट्रॅकवर कमी पडतो. सोल्डर वितळत नाही म्हणून माणूस दाबत राहतो आणि पॅड, म्हणजे पाय जोडायची तांब्याची टिकली, उचलला जातो. ६० वॉटचा, शक्यतो तापमान ठरवता येणारा घ्या. २००६ नंतरच्या बोर्डांवर बहुधा शिशाविना सोल्डर असतो, तो उशिरा वितळतो. त्यावर आपला ६०/४० चा (कथिल-शिसं) थोडा नवा सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) आधी लावला, की दोन्ही मिसळून डाग सहज सुटतो. मग पंपानं ओढून घ्या. कपॅसिटर एका बाजूनं तापवून किंचित झुकवा, मग दुसऱ्या बाजूनं. हिसका नको.

ध्रुव सांभाळा. कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी म्हणजे वजा. बोर्डवर वर्तुळाचा भरलेला अर्धा भाग बहुधा वजाचा असतो, पण उलटी खूण असलेले बोर्डही मी पाहिलेत. म्हणून बोर्डवरच्या खुणेपेक्षा आपल्या आधीच्या फोटोवर भरवसा ठेवा. शिकत असताना माझ्याकडून एक उलटा बसला होता. वीज दिल्यावर तीन सेकंदांनी फट् आवाज, पांढरी वाफ आणि दिवसभर खोलीत कुजक्या मासळीसारखा वास. चेहरा बोर्डपासून लांब होता म्हणून डोळे वाचले. पहिल्यांदा वीज देताना चष्मा घालाच.

फ्यूज उडालेला आहे. नवा टाकून बघू?

आधी कारण शोधा. फ्यूज काळा पडून काच माखलेली असेल तर आत मोठा शॉर्ट झालेला आहे, बहुधा वीज वेगानं चालू-बंद करणारा मॉस्फेट किंवा एसीची डीसी करणाऱ्या ब्रिजचा डायोड. तसाच नवा फ्यूज टाकला तर तोही उडेल. इथं सीरिज बल्ब वापरा: ४० किंवा ६० वॉटचा तारेचा बल्ब मॉनिटरच्या पुरवठ्यात ओळीनं जोडायचा. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशानं पेटत राहिला तर शॉर्ट अजून आहे. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेले मॉनिटर येतात माझ्याकडं. ते घराला आग लावू शकतात.

न्यूट्रल सुटल्यावर घरात ३००-४०० व्होल्ट शिरतात, तेव्हाही फ्यूज जातो आणि मोठा कपॅसिटर फुटू शकतो. त्याला कपॅसिटरचं वय जबाबदार नसतं. आधी वायरमनला बोलवा, मग मॉनिटर दुरुस्त करा. मेनच्या बाजूचा पिवळा चौकोनी आणि निळा चकतीसारखा कपॅसिटर सुरक्षेसाठी असतात. ते त्याच वर्गाचेच बसवा, साधे चालत नाहीत.

पुराच्या पाण्यात गेलेला मॉनिटर वाचतो का?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ नंतर हा प्रश्न मला शेकड्यानं ऐकावा लागला. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क इथून लोक चिखल ठिबकणारे मॉनिटर घेऊन यायचे, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघून नाही म्हणवायचं नाही.

खरं उत्तर असं. वाळला म्हणून वीज देऊन बघू नका, हीच सर्वात मोठी चूक होती. बोर्ड बाहेर काढून स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा, मऊ ब्रश फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा आणि पंख्याखाली तीन-चार दिवस वाळवा. बोर्ड असे वाचतात, कपॅसिटर बदलावे लागतात. पण पॅनेलच्या थरांत पंचगंगेचं गढूळ पाणी शिरलं असेल तर डाग जात नाहीत आणि कडेच्या बारीक जोडण्या महिन्या-दोन महिन्यांत गंजतात. पाणी फक्त स्टँडपर्यंत आलं होतं त्यांचे मॉनिटर मी दुरुस्त केले. पूर्ण बुडालेल्यांना पैसे घालू नका असं सांगितलं.

नव्या एलईडी मॉनिटरलाही हे लागू आहे का?

बरंचसं. ट्यूब आणि तिचा इन्व्हर्टर जातो, एलईडीचा ड्रायव्हर येतो. बाहेरचा अडॅप्टर असेल तर आधी तोच तपासा. तेवढेच व्होल्ट, तेवढे किंवा जास्त अँपिअर आणि पिनचा ध्रुव तोच, असा दुसरा लावून बघितलं की दहा मिनिटांत निकाल लागतो.

सगळे बदलले, तरी लागत नाही.

आधी आपलंच काम तपासा: थंड डाग (नीट न वितळलेला सोल्डर), दोन पॅडमध्ये सांडलेला सोल्डर, उलटा ध्रुव. मग ५ आणि १२ व्होल्टच्या पिनांवर मोजा. दोन्ही बरोबर असतील तर पॉवर बोर्डचं काम झालं, दोष मुख्य बोर्डवर किंवा ट्यूबमध्ये आहे. पॅनेलला तडा असेल, पडद्यावर जाड उभ्या पट्ट्या असतील, तर तिथंच थांबा. तसा मॉनिटर घंटागाडीत टाकू नका. ट्यूबमध्ये पारा असतो, तो अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडंच जायला हवा.

झालं, चालू झाला. आता लगेच गिऱ्हाइकाला द्यायचा?

नाही. झाकण लावून, पूर्ण उजेडावर चार तास चालू ठेवा. उघडा बोर्ड हवेशीर राहतो, खरा ताप झाकण लावल्यावरच कळतो. मग वायर काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी, थंड असतानाच, एकदा बटण दाबा. माझ्या लेखी खरी परीक्षा ती. दूध संस्थेच्या त्या मॉनिटरची सकाळी सहाला घेतली, दोन सेकंदांत चित्र आलं, आणि आठ वाजता त्यांचा मुलगा तो मोटारसायकलवर घोंगड्यात गुंडाळून घेऊन गेला.